नाव कोणत्या अक्षरात

बँकेत मी माफी मागितली नसती, तर पुढचं बरंचसं टळलं असतं. पण माफी मागितल्याशिवाय माझ्या तोंडून वाक्यच निघत नाही. आमच्याकडे सगळ्यांचंच तसं. पाहुणा आला आणि बाहेर बर्फ पडत असलं, तर बर्फाबद्दलही आपणच माफी मागायची.

माझे यजमान तोकुझो आशिदा, कुरायोशीतल्या आशिदा केशकर्तनालयाचे मालक, नोव्हेंबरात दुकानातच पडले. वय एक्क्याऐंशी. खेकड्यांचा हंगाम नुकताच उघडला होता. मासळीवाले हिरोओका खुर्चीत रेलले होते. यांनी त्यांच्या तोंडावर गरम टॉवेल ठेवला, "जरा थांबा" म्हणाले, आणि खुर्चीचा हात धरून हळूहळू खाली बसले. काहीतरी पडलेलं शोधायला वाकतात, तसे. मी दुसऱ्या खुर्चीशी केस झाडत होते. मला वाटलं, कंगवा पडला असेल.

हिरोओका दाढी न झालेल्या, ओल्या तोंडाने आमच्याबरोबर रुग्णवाहिकेत बसून आले. नंतर बरेच दिवस ते बाजारात सांगत, "वस्तरा हातात घ्यायच्या आधी पडला. साठ वर्षांत गिऱ्हाइकाचं रक्त काढलं नाही, त्या दिवशीही नाही."

मेंदूत रक्त साकळलं होतं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि भाषा गेली. भाषेतलं एकच वाक्य राहिलं, तेही आपसूक यायचं: "या, बसा." सुई टोचायला परिचारिका आली की "या, बसा." मोठे डॉक्टर आले की "या, बसा." पोट दुखलं तरी तेच, लघवीला लागली तरी तेच. परिचारिका हसायच्या, मीही हसायचे. मग नळ सोडून तोंड धुऊन यायचे.

आमचा एकुलता एक मुलगा कात्सुहिको नागोयाला असतो. तो आला तेव्हा त्याने प्लास्टिकची एक पाटी आणली. लहान मुलांची असते तशी, बाळबोध अक्षरांची; आमच्याकडे मुलं आधी ही साधी अक्षरं शिकतात, चित्राक्षरं मागाहून. अक्षरावर बोट ठेवत ठेवत शब्द जोडायचा. यांचं डावं बोट पाटीवर कुठेही भटकायचं. मग मी पुठ्ठा घेतला, जाड पेनाने मोठ्ठी बाळबोध अक्षरं काढली: भूक लागली का? पाणी हवं का? बालवाडीतल्या मुलाला वाचता येईल असं. हे त्याच्याकडे बघायचे आणि मान फिरवायचे. महिनाभर असं चाललं. शेवटी कात्सुहिको म्हणाला, "आई, बाबा आता आत नाहीत."

मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

डिसेंबरात रुग्णालयाचे पैसे भरायला मुदत ठेव मोडायची ठरवली. ठेव यांच्या नावावर. घर, दुकान, दुकानामागची नाशपातीची चार झाडं, सगळंच यांच्या नावावर. एकोणपन्नास वर्षं दुसऱ्या खुर्चीवर मी उभी होते, माझा परवाना वेगळा भिंतीवर टांगलेला होता, पण खातं एकच. त्या काळी बँकेचा माणूस सायकलवरून दुकानात यायचा, केस कापून घ्यायचा आणि जाताना ठेवीचा अर्ज भरून न्यायचा. नाव कुणाचं लिहू, असं त्याने कधी विचारलं नाही. मी तेव्हा आत त्याच्यासाठी नाशपाती सोलत असायचे. माणूस चांगला होता. त्याच्या डोक्यावर दोन भोवरे होते, त्यामुळे मागचे केस कधी बसायचे नाहीत.

तर मी खातेपुस्तक आणि सहीच्या जागी चालणारा यांच्या नावाचा शिक्का घेऊन बँकेत गेले. खिडकीतली मुलगी गोड होती. म्हणाली, "आशिदासाहेबांशी फोनवर दोन शब्द बोलता येईल का? फक्त खात्री म्हणून."

मी वाकले. "माफ करा हं, तुम्हाला आमच्यामुळे त्रास. त्यांना बोलता येत नाही हो. बोललेलं कळतही नाही आता. उगाच तुमचा खोळंबा केला, माफ करा."

ती मुलगी उठून वाकली. मी परत वाकले. मग ती आत गेली आणि एक साहेब बाहेर आले, ते आमच्या दोघींपेक्षा खाली वाकले. तेव्हाच मला कळायला हवं होतं. खातेदारालाच काही कळत नसेल, तर ठेव मोडता येणार नाही. खात्यातून काही काढताही येणार नाही. कुटुंब न्यायालयाने पालक नेमून दिला, की तो येईल आणि व्यवहार करील. तोवर, क्षमा असावी.

संध्याकाळी कात्सुहिको फोनवर ओरडला. "अगं, कुणी विचारलं होतं तुला?"

"त्या मुलीनेच विचारलं."

"घसा बसलाय म्हणायचं!"

"खोटं बोलू?"

"खोटं नाही गं. थोडं कमी बोलायचं! सगळं ओतून येतेस आणि वर माफी मागतेस. शेजारच्या आज्या बघ कशा गुपचूप यंत्रात कार्ड घालून काढतात."

त्याचं खरं होतं. मी त्याचीही माफी मागितली.

नवीन वर्षाच्या सुट्टीत तो मला स्टेशनाजवळ हिदाका नावाच्या गृहस्थांकडे घेऊन गेला. जमीनजुमल्याचे कागद करून देणं हा त्यांचा धंदा. त्यांनी समजावून सांगितलं, ते मला एका बैठकीत कळलं, कारण ते सरळ होतं.

"पालक म्हणजे बहुधा एखादा वकील. तुमच्या ओळखीचा नाही, न्यायालयाच्या यादीतला. माणूस सरळ असेल, हिशेब चोख ठेवील. पण एकदा नेमला, की आशिदासाहेब हयात असेपर्यंत राहणार. त्याची दरमहा फीही साहेबांच्याच पैशांतून. घर विकायचं तर न्यायालयाला विचारायचं. मोठी दुरुस्ती काढायची तर त्याला विचारायचं."

"मी विचारायचं?"

"हो."

"माझ्या स्वयंपाकघराचं छत गळलं, तरी?"

"छतासाठी विचारावं लागेल. बादली तुम्ही स्वतःची ठेवू शकता."

ते विनोद करत होते. कात्सुहिको हसला नाही.

दुसरा रस्ता होता विश्वस्त करारनाम्याचा. यांनी स्वतः सांगायचं, की माझं घर आणि माझा पैसा घरच्याच अमुक माणसाच्या हाती देतो, त्याने तो माझ्या शुश्रूषेसाठी वापरावा, लागलं तर घर विकावं. पण हे सांगताना यांना समज हवी. नोटरी साहेब स्वतः येऊन बघणार, प्रश्न विचारणार. त्यांची खात्री पटली, तर बँकेलाही ते मानावं लागेल.

"म्हणजे नाहीच," कात्सुहिको म्हणाला.

परतताना बसमध्ये त्याने मला पुढचं सांगितलं. पालक तर पालक. रुग्णालय मे महिन्यानंतर ठेवून घेणार नाही, मग इथल्याच एखाद्या शुश्रूषागृहात बाबांची सोय. आणि मी नागोयाला. "सहा चटया मावतील एवढी खोली आहे रिकामी. लिफ्ट आहे, आई. खाली दुकान आहे."

"आणि बाबांकडे कोण जाणार?"

"महिन्यातून एकदा येऊ ना आपण. गाडीने साडेपाच तास तर लागतात."

मी खिडकीबाहेर बघत बसले. हा मुलगा वाईट नाही. लहानपणी गिऱ्हाइकं गेली, की केसांचे ढीग करून त्यांचे डोंगर बनवायचा. त्याला ते घर नकोसं झालं होतं आणि मी त्याला दोष देत नाही. मला मात्र फक्त एवढंच हवं होतं, की बसने वीस मिनिटांत यांच्या खाटेशी पोहोचता यावं, आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागू नये. पण भांडायला अंगात जोर लागतो. तो नोव्हेंबरातच संपला होता.

जानेवारीत वाणीच्या उपचारांसाठी एक नवी मुलगी आली. नोनाका. वय असेल अठ्ठावीस, केस स्वतःच कापलेले असावेत इतके वेडेवाकडे. खाटेच्या पायथ्याशी ठेवलेला माझा पुठ्ठा तिने उचलला.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच. त्यांना सोपं जावं म्हणून बाळबोधात लिहिलं. माफ करा, अक्षर वाईट आहे."

"आजी, अक्षर छान आहे. पण तुम्ही त्यांना अवघड करून ठेवलंय."

तिने मला खुर्चीत बसवलं. बाळबोध अक्षर म्हणजे नुसता आवाज, ती म्हणाली. आवाजाला आवाज जोडायचा, तेव्हा शब्द होतो. यांचा नेमका तोच सांधा तुटलाय. पण चित्राक्षराला आवाज लागत नाही. ते बघितलं की अर्थ थेट डोळ्यांतून आत जातो. वाचा गेलेली पुष्कळ माणसं चित्राक्षरं वाचतात आणि बाळबोधापाशी अडतात. "आणि घरचे लोक काय करतात? प्रेमाने बाळबोध लिहितात. सगळ्या आज्या हेच करतात."

तिने कागदावर 'पाणी' हे एकच चित्राक्षर काढलं. यांनी ते बघितलं आणि पेल्याकडे नजर वळवली.

तिने 'वस्तरा' लिहिलं. यांनी डावा हात गालावर नेला, वरून खाली ओढला आणि माझ्याकडे बघितलं. दाढी वाढली होती. दोन महिने ते कुणाच्या तरी हातच्या यंत्राने करून घेत होते, आणि बायको समोर बसून पुठ्ठे दाखवत होती.

म्हणजे ते आत होते. सगळा वेळ. मुलगा त्यांच्या खाटेशी उभा राहून "बाबा आत नाहीत" म्हणाला, तेव्हाही.

दुसऱ्या दिवशी मी घरून वस्तरा, ब्रश आणि साबणाची वाटी नेली. त्यांची दाढी मीच केली. मी रोज वर्तमानपत्र नेऊ लागले. ते मथळे वाचत, डाव्या हाताने पान उलटत. कुणी मेल्याच्या बातमीपाशी जास्त थांबत. फेब्रुवारीत कात्सुहिको आला, तेव्हा मी त्याच्या समोर 'हा कोण?' असं लिहून 'भाऊ', 'मुलगा', 'डॉक्टर' अशी तीन चित्राक्षरं ठेवली. यांनी 'मुलगा'वर बोट ठेवलं आणि म्हणाले, "या, बसा."

कात्सुहिको बसला. मग उठून बाहेर गेला.

त्यानंतर त्याने हिदाकांकडे धावाधाव केली. करारनाम्याचा मसुदा तयार झाला. विश्वस्त म्हणून नाव कात्सुहिकोचं. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही. पंचाहत्तरीची बाई, तिच्या नावावर काय करणार, हे सगळ्यांना न बोलताच कळत होतं. मलाही. नागोयाची खोली त्याने रंगवून घेतल्याचं फोनवर सांगितलं. पालक टळत होता, एवढ्यावर समाधान मानायचं असं मी ठरवलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नोटरी आले. मोरिवाकी साहेब, निवृत्त न्यायाधीश, बारीक, ताठ. त्यांच्या मानेवर कुणीतरी घाईने यंत्र ओढलं होतं, उजवीकडे पायरी पडली होती. मला ती दिसत राहिली. ते म्हणाले, "घरच्यांनी बाहेर थांबावं. तुमच्याकडे बघून ते उत्तरं देतील, ते चालणार नाही. नोनाकाबाई थांबतील."

आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो. कात्सुहिकोने यंत्रातून कॉफीचा डबा काढला, मला चहाचा. अर्धा तास गेला. दाराआडून तीन वेळा "या, बसा" ऐकू आलं.

साहेब बाहेर आले, तेव्हा त्यांच्या हातात कागद होते आणि चेहऱ्यावर काही नव्हतं.

"घर कुठे, दुकान काय, साल कोणतं, हे सगळं त्यांनी बरोबर दाखवलं," ते म्हणाले. "त्यांना समज आहे. माझ्या मनात शंका नाही. पण घर आणि पैसा कात्सुहिको यांच्या हाती देता का, या प्रश्नाला त्यांनी नकार दिला. मी तीन तऱ्हांनी विचारलं. एकदा उलटंही विचारलं. नकारच."

कात्सुहिकोच्या हातातला डबा तसाच राहिला.

"मग मी विचारलं, तर मग कुणाला? पत्नीचं नाव लिहून दाखवलं. ते बराच वेळ कागद बघत राहिले. कागदाच्या मागेही बघितलं. मग नकारार्थी मान हलवली. आशिदाबाई, मला वाईट वाटतं. मला वाटलं होतं त्यापेक्षा आजार खोल असावा. स्वतःच्या पत्नीचं नाव ओळखत नसतील, तर बाकीच्या उत्तरांवरही मला विसंबता येत नाही." त्यांनी पिशवी उघडली आणि कागद आत सरकवायला लागले.

मी उठले. माफी मागायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"साहेब, नाव कोणत्या अक्षरात लिहिलंत?"

"सरकारी दप्तरात आहे तसं. तसंच लिहावं लागतं. बाळबोधात."

माझं नाव किनु. म्हणजे रेशीम. मी जन्मले, ती युद्धाची वर्षं होती. वडील नाव नोंदवायला गेले, तेव्हा कचेरीत कारकून एकच उरला होता. पोरीचं नाव, त्याला चित्राक्षर कशाला, दोन बाळबोध अक्षरं पुरेत, असं दोघांचं ठरलं. माझ्या वयाच्या निम्म्या बायकांची नावं अशीच आहेत. शाळेत, परवान्यावर, लग्नाच्या नोंदीत, सगळीकडे मी दोन बाळबोध अक्षरांची.

एका माणसाने मात्र माझं नाव तसं कधीच लिहिलं नाही. लग्नाआधी दोन वर्षं हे कोबेला एका मोठ्या दुकानात उमेदवारी करत होते, तिथून पत्रं लिहायचे. पहिल्याच पत्रावर रेशमाचं चित्राक्षर. मी कळवलं, हे माझं नाव नव्हे. उत्तर आलं, "बाळबोधात लिहिलं की शाळेतली पोर वाटतेस. पोरीला पत्र लिहिताना भीती वाटते, तिचा बाप येईल." तेव्हापासून दुकानाच्या नववर्षाच्या दोनशे पत्रांवर दरसाल यांनी ब्रशने दोघांची नावं लिहिली, आणि माझं नेहमी रेशमाचं. पन्नासहून जास्त वर्षं. मला स्वतःलाही ते खोटं आहे, हे आठवत नसे. म्हणूनच सरकारी कागदांत माझं नाव कसं आहे, हे साहेबांना सांगून ठेवायचं मला सुचलं नाही.

"कागद द्या," मी म्हणाले. इतकं उद्धटपणे मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते. त्यांनी वही पुढे केली. तेरा फराटे आहेत त्या अक्षरात, डावीकडे धाग्याची लडी आणि उजवीकडे बाकीचं. लडीचा शेवटचा ठिपका भलतीकडे गेला.

"हे दाखवा. मी आत येत नाही. तुम्हीच दाखवा."

त्यांनी अक्षराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. नियमात बसतं का, याचा विचार करत असावेत. मग आत गेले.

"आई," कात्सुहिको म्हणाला, "बाबांनी मला नापास केलं."

"तुला कुठे? तू लांब आहेस, एवढंच."

"लांब आहे म्हणूनच तर नापास केलं ना." त्याने कॉफी प्यायली. "मी घर विकून टाकीन, असं वाटलं असेल त्यांना."

"तू विकलंच असतंस."

"हो," तो म्हणाला. मग विचारलं, "तू काय करशील?"

कॅरमेल रंगाचा कोट घातलेली एक बाई चाकांच्या खुर्चीतल्या म्हातारीला ढकलत गेली, तिलाही मी वाकून वाट दिली.

दार उघडलं. साहेबांचे हात रिकामे होते.

"त्यांनी बोट ठेवलं," ते म्हणाले. "मी प्रश्न संपवायच्या आत. आणि आता वहीचं पान ते परत देत नाहीत. नोनाकाबाई प्रयत्न करतायत."

मला हसू आलं आणि थांबेना. कात्सुहिको माझी पाठ चोळत होता.

साहेबांनी मग कामाचं सांगितलं. मसुदा बदलावा लागेल. विश्वस्त पत्नी. "पण तुमचंही वय आहे, स्पष्ट बोलतो. तुम्हाला काही झालं, तर पुढे कोण? मी तेही त्यांना विचारलं. पत्नीनंतर मुलगा, असं विचारल्यावर मान होकारार्थी हलवली. लगेच." शेवटचा शब्द त्यांनी कात्सुहिकोकडे बघून उच्चारला. न्यायाधीश असतानाही ते असेच असावेत.

कात्सुहिको दुपारच्या गाडीने गेला. स्टेशनाकडे जाणाऱ्या बसच्या थांब्यावर मी त्याला भाताच्या गोळ्यांचा डबा दिला. तो म्हणाला, "खोली रंगवलीये. राहू दे तशीच. कधी लागली तर." मग म्हणाला, "आई, दमशील तू."

"दमलेलीच आहे."

"तेच म्हणतोय."

बस गेल्यावर मी रुग्णालयात परत न जाता घरी गेले. दुकानाचा पडदा उघडला नाही. खुर्चीत बसून राहिले. खरं सांगायचं तर मला आनंद झाला नव्हता. निवडून दिलं म्हणजे काय दिलं? ठेव, कर, छत, शुश्रूषागृहाची रांग, अर्ज, सगळं माझ्या गळ्यात. पन्नास वर्षं यांनी दुकानाचा एक कागद मला बघू दिला नव्हता, "तुला कशाला डोकेदुखी" म्हणून. आता बोलता येईना, तेव्हा डोकेदुखी देऊन टाकली. मी त्यांच्या खुर्चीला ते सगळं मोठ्याने सुनावलं.

दहा दिवसांनी साहेब नवा करारनामा घेऊन आले. या वेळी विश्वस्त म्हणून मलाही आत बसायचं होतं. नोनाकाने यांच्या पाठीला उशा लावून त्यांना बसवलं होतं. साहेब एकेक कलम वाचत, आणि नोनाका त्यातले मोठे शब्द चित्राक्षरांत लिहून यांच्यासमोर धरत असे. हे मान हलवत. पैसा, होकार. औषधोपचार, होकार. मग साहेबांनी वाचलं, "विश्वस्ताला आवश्यक वाटल्यास सदर घर, दुकान व जमीन विकण्याचा अधिकार राहील." आणि ते पुढच्या ओळीवर गेले.

"साहेब, थांबा," मी म्हणाले. "ते परत."

"काही चुकलंय का?"

"चुकलं नाही. पण हे त्यांनी नीट ऐकलं पाहिजे."

मी नोनाकाच्या हातून पेन घेतलं. 'घर' लिहिलं. त्याखाली 'विकणे' लिहिलं. तो कागद मी यांच्या मांडीवर ठेवला आणि खुर्ची ओढून जवळ बसले.

"अहो, इकडे बघा. तुम्ही कात्सुहिकोला नाही म्हणालात, तो विकील म्हणून. असं त्याला वाटतं. मलाही तसंच वाटतं. तर आता ऐका. मी पण विकीन. आज नाही. यंदाही नाही बहुतेक. पण तुम्हाला चांगल्या ठिकाणी ठेवायला पैसे कमी पडले, तर मी ते घर विकीन, दोन्ही खुर्च्यांसकट, आणि रुग्णालयाच्या जवळ एक खोली घेईन. तुम्ही मला निवडलंत ते घर राखायला निवडलं असेल, तर चुकीचा माणूस निवडलात. मला घर राखायचं नाहीये. मला तुमच्याकडे यायचंय. कळलं ना? नाही म्हणायचं असेल, तर आत्ता म्हणा. नंतर म्हणू नका. नंतर मी ऐकणार नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. नोनाका भिंतीला टेकून उभी होती.

यांनी कागद डाव्या हातात घेतला. बराच वेळ बघितलं. मग तोंड खिडकीकडे फिरवलं. बाहेर काही नव्हतं, गाड्या लावायची जागा आणि तिच्या कडेला काळं पडलेलं शिल्लक बर्फ. दुकान यांनी माझ्या वडिलांकडून घेतलेलं नव्हतं, स्वतःच्या बापाकडूनही नव्हतं. कोबेहून येताना दोन वस्तरे आणि एक पेटी होती फक्त. आरसे यांनी स्वतः बसवले. डावा आरसा जरासा तिरका बसला, तो पन्नास वर्षं तिरकाच आहे. गिऱ्हाइकं त्याप्रमाणे मान वाकडी करून बसायला शिकली. हे सगळं त्या खिडकीत ते बघत होते की काय, मला माहीत नाही. एकदा वाटलं, नाही म्हणाले तर बरं होईल. सगळं संपेल, पालक येईल, मी नागोयाला जाईन, लिफ्टने वर-खाली करीन.

त्यांनी मान परत फिरवली. डोळे ओले होते, पण आजारानंतर ते उगाचही भरून येतात, नोनाकाने मला आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली केली. एकदाच. पूर्ण खाली, हनुवटी छातीला लागेपर्यंत. आणि तशीच ठेवली. गिऱ्हाईक मानेमागचे केस कापून घेताना ठेवतं, तशी.

"हा होकार मी नोंदवतो," मोरिवाकी साहेब हळू म्हणाले.

यांनी डाव्या हाताने नाव लिहिलं. अक्षरं खाली घसरत गेली, पण वाचता आली. त्यांचा शिक्का नोनाकाने हातात दिला, तो त्यांनी स्वतः मारला. मग कागद माझ्याकडे आला. छापलेल्या किनुखाली मी दोन बाळबोध अक्षरांत सही केली, कायद्यात लागते तशी. माझा शिक्का लाल शाईत टेकवला आणि कागदावर ठेवला. उचलला, तर अर्धाच उठला होता, कडेला नुसती लाल पुसट रेघ.

"माफ..." मी म्हणायला लागले.

"शेजारी पुन्हा मारा," साहेब म्हणाले. "जरा जोर लावून."

मी उभी राहिले, दोन्ही हात शिक्क्यावर ठेवले आणि अंगाचा सगळा भार त्यावर दिला.